अर्ध्या झग्याची ऊब

नोव्हेंबर हा आपल्या घरांतून स्मरणाचा महिना. दोन तारखेला दफनभूमीत मेणबत्त्या लागतात, थडग्यांवर फुले वाहिली जातात आणि वर्षभर मिटून राहिलेली नावे पुन्हा ओठांवर येतात. त्यानंतर नऊ दिवसांनी, अकरा तारखेला, संत मार्टिनचा सण येतो. पण तो आला केव्हा आणि गेला केव्हा, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानीही येत नाही. चौथ्या शतकातील हा एक रोमन सैनिक. कडाक्याच्या थंडीत आमियां नगराच्या वेशीपाशी त्याला एक उघडा भिकारी कुडकुडताना दिसला. मार्टिनपाशी दुसरे देण्यासारखे काही नव्हते. त्याने तलवार उपसली, अंगावरच्या झग्याचे दोन भाग केले आणि एक भाग त्या भिकाऱ्याच्या खांद्यावर टाकला. पुढे तो तूर नगरीचा बिशप झाला आणि ३९७ साली वारला.

अंगावर पांघरायच्या झग्याला लॅटिन भाषेत ‘पाल्लियुम’ म्हणतात. त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ पांघरूण घालणे. ज्या दुखण्याचे मूळ उपटता येत नाही, त्या दुखण्याच्या यातनांवर मायेचे पांघरूण घालणाऱ्या शुश्रूषेला वैद्यक ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणते, ते याच शब्दावरून. मार्टिनने त्या भिकाऱ्याचे दारिद्र्य संपवले नाही, हिवाळाही थांबवला नाही. त्याने थंडी वाटून घेतली. आजार बरा होणार नसेल तेव्हा माणसासाठी करण्यासारखे काय उरते, या प्रश्नाचा इतिहास आम्ही या लेखात पाहणार आहोत. आणि तो पाहताना फुप्फुसाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना आम्ही डोळ्यांसमोर ठेवणार आहोत. त्याला कारण आहे. हा प्रश्न विचारायला वैद्यकाला ज्या आजारांनी भाग पाडले, त्यांत हा आजार अग्रभागी आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी फुप्फुसाचा कर्करोग हे एक दुर्मीळ दुखणे मानले जाई. पाहता पाहता त्याने युरोप-अमेरिकेत थैमान घातले. १९५० साली इंग्लंडमधील रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोन संशोधकांनी त्याचे धूम्रपानाशी असलेले नाते आकडेवारीनिशी मांडले. तेव्हापासून ‘विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा आजार’ हा शिक्का त्याच्या कपाळी बसला. मात्र आपल्या देशात ज्यांनी जन्मात विडीला हात लावला नाही, असेही पुष्कळ स्त्री-पुरुष या आजाराने ग्रासलेले आढळतात. आणि ज्याने ओढली, त्याच्याही उशाशी बसून त्याचा हिशेब मांडण्याचा अधिकार आपणांस कोणी दिलेला नाही.

हा आजार चोरपावलांनी येतो. साधा खोकला, थोडी धाप, थोडा थकवा. ‘वय झाले, एवढे चालायचेच’ असे म्हणून म्हातारी माणसे तो अंगावर काढतात आणि निदान होते तेव्हा पुष्कळदा आजार फुप्फुसाबाहेर पसरलेला असतो. रुग्णांपैकी बहुतेक साठी-सत्तरीच्या आसपासचे किंवा त्याहून वडील. त्यांच्या अंगी आधीच मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी ठाण मांडून बसलेली. कित्येक दशके वैद्यकाच्या भात्यात या आजारासाठी फारसे बाण नव्हते. जिथे आयुष्याचे दिवस वाढवता येत नाहीत, तिथे त्या दिवसांत काय भरता येईल, हा विचार ओघानेच आला.

पण वैद्यकाला हा विचार सुचण्यापूर्वी तो काही विधवांना आणि धर्मभगिनींना सुचला होता. फ्रान्समधील लियों शहरी जान गार्निये नावाची एक तरुण विधवा होती. नवरा गेला, दोन मुले गेली. १८४२ साली तिने आपल्यासारख्याच विधवांना जमवून एक संघ स्थापला आणि ज्या कर्करोगग्रस्त स्त्रियांना कोणतेही रुग्णालय दारात उभे करीत नव्हते, त्यांच्या जखमा स्वतःच्या हातांनी धुवायला सुरुवात केली. १८७९ साली डब्लिनमध्ये आयर्लंडच्या ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी’ या संघाने मरणोन्मुख गरिबांसाठी एक घर उघडले. संघाच्या संस्थापिका मदर मेरी एकनहेड यांनी जिथे देह ठेवला होता, तीच ती वास्तू. त्याच भगिनींनी १९०५ साली लंडनच्या हॅकनी या कष्टकऱ्यांच्या वस्तीत सेंट जोसेफ हॉस्पिस सुरू केले. चांगल्या मरणाचा आश्रयदाता म्हणून आपण ज्या संत जोसेफला हाक मारतो, त्याचेच नाव. तिकडे न्यू यॉर्कमध्ये, प्रख्यात कादंबरीकार नथॅनियल हॉथॉर्न यांची कन्या रोझ हिने १८९६ साली शहराच्या गरीब भागात खोली घेऊन निर्धन कर्करोग्यांची सेवा आरंभिली. पुढे तिने डॉमिनिकन व्रत घेतले आणि तिच्या भगिनीसंघाने रुग्णांकडून एक पैसाही न घेण्याचा दंडक घालून घेतला.

मध्ययुगात यात्रेकरूंना रात्रीपुरता निवारा देणाऱ्या धर्मशाळांना ‘हॉस्पिस’ म्हणत. शेवटच्या वाटेवरील यात्रेकरूंच्या घरांनी तेच नाव उचलले, हे उचितच झाले. या घरांतून स्वच्छ बिछाना होता, गरम पेज होती, प्रार्थना होती, आणि रात्री जागणारे कोणीतरी होते. एकच गोष्ट नव्हती. वेदना म्हणजे काय आणि तिला आवर कसा घालावा, याचे शास्त्र अजून जन्मले नव्हते. वेदना असह्य झाली की औषध द्यायचे, ते उतरले की रुग्णाने पुन्हा कळवळायचे, अशी तेव्हाची रीत होती.

१९४८ हे साल आमच्या मते या इतिहासातील संगम आहे. त्या वर्षी अटलांटिक महासागराच्या दोन तीरांवर दोन घटना घडल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

पहिली घटना न्यू यॉर्कची. डेव्हिड कार्नोफ्स्की आणि त्यांचे सहकारी ‘नायट्रोजन मस्टर्ड’ हे नवे औषध कर्करोग्यांना देऊन पाहत होते. युद्धातील विषारी वायूच्या कुळातले हे औषध. ज्यांच्यावर त्याचा प्रयोग झाला, त्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण विशेषेकरून होते. गाठ किती आकसली, एवढे मोजून या डॉक्टरांचे समाधान होईना. रुग्ण उठून बसतो काय, स्वतःचे कपडे स्वतः घालतो काय, त्याला कोणाच्या हाताचा आधार लागतो काय, हेही मोजायला हवे होते. त्यांनी शून्य ते शंभर अशी एक मोजपट्टी तयार केली. शंभर म्हणजे पूर्ण निरोगी, पन्नास म्हणजे पदोपदी मदतीची आणि वारंवार उपचारांची गरज असलेला, शून्य म्हणजे मृत्यू. ही पट्टी आजही जगभरच्या रुग्णालयांत वापरली जाते. तिच्यात एक उणीव मात्र होती. आकडा डॉक्टर ठरवीत असे. रुग्णाला कोणी विचारीत नसे.

दुसरी घटना लंडनची. डेव्हिड तास्मा नावाचा पोलंडचा एक ज्यू निर्वासित, वय अवघे चाळीस, कर्करोगाने एका रुग्णालयात मृत्यूची वाट पाहत पडला होता. परक्या देशात त्याचे म्हणावे असे कोणी नव्हते. सिसिली सॉन्डर्स ही तिशीच्या उंबरठ्यावरची बाई तिथे रुग्णांची सामाजिक विचारपूस करण्याच्या नोकरीत होती. ती त्याच्याशी तासन्‌तास बोलत बसे. त्याच्यासारख्यांना सुखाने मरता येईल अशा एका घराचे स्वप्न त्या बोलण्यातून आकाराला आले. फेब्रुवारी १९४८ मध्ये तो वारला. जाताना आपली पाचशे पौंडांची पुंजी त्याने तिच्या स्वाधीन केली, आणि तुझ्या त्या घरात मी एक खिडकी होईन, अशा अर्थाचे काही बोलून गेला.

सिसिली मूळची परिचारिका होती, पण पाठीच्या दुखण्यामुळे तिला ते काम सोडावे लागले होते. मरणाऱ्यांसाठी काही करायचे असेल तर डॉक्टर हो, कारण त्यांना वाऱ्यावर सोडतात ते डॉक्टरच, असा सल्ला तिला एका शल्यविशारदाने दिला. तिशी उलटल्यावर ती वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली आणि १९५७ साली डॉक्टर झाली. पुढल्याच वर्षापासून ती हॅकनीच्या सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये काम करू लागली. सिसिली स्वतः अँग्लिकन होती, भगिनी कॅथलिक. भगिनींपाशी माया होती, हिच्यापाशी शास्त्र होते. मॉर्फिन हे औषध वेदना उसळण्याची वाट न पाहता, घड्याळ लावून, ठरावीक वेळी, तोंडावाटे द्यायचे, हा धडा तिने आधी लंडनमधील मरणोन्मुखांच्या दुसऱ्या एका घरी पाहिला होता. आता तिने शेकडो रुग्णांच्या नोंदी ठेवून तो तपासला. असे औषध घेणारा रुग्ण व्यसनी होत नाही, गुंगीत पडून राहत नाही, उलट जागा होतो, बोलतो, जेवतो, हे तिने दाखवून दिले.

तिची आणखी एक देणगी आहे. तिने ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली. माणसाची फक्त हाडे दुखत नाहीत. कर्ज फिटले नाही, धाकटीचे लग्न व्हायचे आहे, भावाशी अबोला आहे, देवाने मला का टाकले, ही सारी दुखणी त्या एका कण्हण्यात मिसळलेली असतात. गोळीने हाडांची वेदना शमते, बाकीच्या वेदनांना माणूस लागतो. १९६७ साली दक्षिण लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस उभे राहिले. प्रवाशांना खांद्यावरून नदीपार नेणाऱ्या संताचे नाव त्याला दिले गेले. तास्माची खिडकी तिथे आहे. याच घरात सिसिली सॉन्डर्स यांनी २००५ साली कर्करोगानेच देह ठेवला. ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव मात्र कॅनडातील डॉक्टर बाल्फर माउंट यांनी १९७० च्या दशकात रूढ केले.

इथे एक शंका आमच्या वाचकांच्या मनात डोकावेल, कारण ती आमच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वावरत आली आहे. दुःख हा क्रूस आहे. तो औषधाने हलका करणे म्हणजे प्रभूने दिलेले नाकारणे नव्हे काय? या शंकेचे उत्तर ख्रिस्तसभेने फार पूर्वी दिलेले आहे. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप पायस बारावे यांनी डॉक्टरांच्या एका मेळाव्यात हा प्रश्न सविस्तर हाताळला. दुसरा उपाय नसेल, आणि रुग्णाच्या धार्मिक व नैतिक कर्तव्यांच्या आड येत नसेल, तर वेदनाशमनासाठी गुंगीची औषधे देणे योग्य आहे, त्यामुळे आयुष्य काहीसे कमी होण्याचा संभव असला तरीही, असा त्यांचा निर्वाळा होता. योग्य मात्रेतील मॉर्फिनमुळे आयुष्य कमी होत नाही, हे तर पुढे अनुभवाने दिसून आले. १९८० साली विश्वासश्रद्धेसंबंधीच्या धर्मपीठीय मंडळाने हीच शिकवण दुहेरी स्पष्ट केली. जाणूनबुजून जीव घेणे कदापि मान्य नाही. पण मृत्यू अटळ असताना केवळ त्याची घटका लांबवणारे, जाचक उपचार नाकारण्याची मुभा आहे.

आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाचेही तसेच. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले की, हा संस्कार केवळ शेवटच्या श्वासासाठी राखून ठेवलेला नाही. आजाराने वा वार्धक्याने जीव धोक्यात येऊ लागला की तीच त्याची योग्य वेळ. त्याला साठ वर्षे उलटून गेली, तरी ‘फादर आले म्हणजे आता संपले’ या धास्तीने आमची कुटुंबे धर्मगुरूंना बोलावतात ती रुग्णाची शुद्ध हरपल्यावर. ज्याला सांत्वन हवे असते, त्याला ते ऐकूही येत नाही.

आता पुन्हा मोजपट्टीकडे वळू. कार्नोफ्स्कींच्या पट्टीतील उणीव भरून निघायला पंचेचाळीस वर्षे लागली. १९९३ साली युरोपातील कर्करोग संशोधन संघटनेने तीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. झोप लागते का, धाप लागते का, काळजी वाटते का, घरच्यांशी वागण्यात आजार आड येतो का, असे ते प्रश्न. उत्तरे द्यायची ती खुद्द रुग्णाने. ही प्रश्नावली तेरा देशांतील ज्या ३०५ रुग्णांवर पारखली गेली, ते सगळे शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण होते. ज्यांना बरे होण्याची आशा नव्हती, त्यांनीच जगाला विचारपूस करायला शिकवले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तोवर वृद्धांची गणना संशोधनात फारशी होतच नव्हती. इटलीतील एका अभ्यासाने ही चाकोरी मोडली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सत्तरी गाठलेले किंवा ओलांडलेले रुग्ण होते. काहींना एक सौम्य केमोथेरपी दिली, काहींना केवळ लक्षणांवरील उपचार. मुख्य प्रश्न असा होता की, यांचे जगणे कसे होते? औषध घेणाऱ्यांना आजाराचा त्रास कमी जाणवला, औषधाचा त्रास अर्थातच अधिक झाला, आणि आयुष्य मध्यमानाने २१ आठवड्यांवरून २८ आठवड्यांवर गेले. २०११ साली फ्रान्समधील संशोधकांनी सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या ४५१ रुग्णांत एका औषधाऐवजी दोन औषधे दिली, तेव्हा हे मान ६.२ महिन्यांवरून १०.३ महिन्यांवर गेले. त्याबरोबर दुष्परिणामही वाढले. त्यानंतर विशिष्ट जनुकीय दोषांवरच्या गोळ्या आल्या, शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करणारी औषधे आली, आणि काही वृद्धांना त्यांनी वर्षे दिली. तेव्हा ‘वय झाले, आता कशाला?’ हा निर्णय घरच्यांनी परस्पर देऊन टाकू नये, आणि ‘काहीही करा, पण करा’ हा हट्टही धरू नये. वयाचा आकडा सांगतो त्याहून अधिक त्या माणसाची ताकद आणि इच्छा सांगते.

२०१० साली बोस्टन येथे झालेल्या अभ्यासाचा उल्लेख केल्याविना हा इतिहास पुरा होत नाही. पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे १५१ रुग्ण. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याच उपचारांसोबत निदानापासूनच पॅलिएटिव्ह शुश्रूषा. दुसऱ्या गटाचे जगणे अधिक सुसह्य झाले, खिन्नता कमी झाली, शेवटच्या दिवसांतले जाचक उपचार कमी झाले, आणि आयुष्य मध्यमानाने ८.९ ऐवजी ११.६ महिने लाभले. आयुष्य वाढल्याचे नंतरच्या सर्वच अभ्यासांत दिसले नाही. परंतु जगणे सुकर होते, हे पुन्हा पुन्हा दिसून आले. पांघरूण शेवटच्या रात्रीसाठी घडी करून ठेवायचे नसते, थंडी सुरू झाली की घालायचे असते.

आपल्या देशाची कहाणी यात काहीशी विपरीत आहे. औषधांसाठी लागणारी अफू आपल्या शेतांतून कायदेशीर पिकते आणि परदेशी जाते. पण १९८५ साली अंमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा आला आणि परवान्यांच्या जंजाळात रुग्णाचे मॉर्फिन अडकले. त्याचा वापर पुढील दशकात कमालीचा घसरला. नेमके दुसऱ्याच वर्षी, १९८६ साली, जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवरील उपचारांची तीन पायऱ्यांची शिडी जगापुढे ठेवली होती. आणि त्याच १९८६ साली मुंबईत, वांद्र्याच्या मोत माउलीच्या टेकडीवर, कर्करोग शल्यविशारद डॉक्टर एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने भारतातील पहिले हॉस्पिस सुरू झाले. त्याचे नाव शांती अवेदना. जातधर्म न पाहता, मोबदला न घेता होली क्रॉस संघाच्या भगिनी तिथे रुग्णसेवा करीत आल्या आहेत. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा झाल्या. १९९३ साली कोझिकोड येथे डॉक्टर एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी वाट धरली. रुग्णाला घरातून न हलवता, गावातील स्वयंसेवकांच्या हातांनी त्याच्या दारी सेवा पोहोचवायची. २००८ साली केरळ सरकारने तिला धोरणाचे रूप दिले. अखेर २०१४ साली संसदेने कायदा सुधारला आणि मॉर्फिनचा मार्ग बराचसा मोकळा केला. तरीही पुष्कळ जिल्ह्यांत ते अजून हाताशी मिळत नाही.

हा सगळा इतिहास आमच्या ओटीवर येऊन थांबतो. तिथे आरामखुर्चीत बसलेले वडील खोकत असतात आणि आत स्वयंपाकघरात कुजबूज चाललेली असते, ‘त्यांना सांगू नका.’ त्यांना ठाऊक असते. आपल्याला ठाऊक आहे हे मुलांना कळू नये, म्हणून तेही गप्प असतात. दोन्ही बाजूंनी मायेपोटी उभारलेली ही भिंत. सिसिली सॉन्डर्सने तास्मापाशी बसून काही मोठे उपचार केले नव्हते. तिने विचारले आणि ऐकले. बाबा, किती जाणून घ्यायची तुमची इच्छा आहे? कशाची भीती वाटते? काय करायचे राहून गेले आहे? एवढे तीन प्रश्न विचारायला परवाना लागत नाही.

धाप लागली की आम्ही प्राणवायूची नळकांडी आणायला धावतो. रक्तातील प्राणवायू पुरेसा असेल, तर नळीतून दिलेल्या साध्या हवेपेक्षा त्याचा अधिक उपयोग होत नाही, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्याच वर्षी इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवले की, हातात धरायच्या छोट्या पंख्याची झुळूक चेहऱ्यावर घेतली, तर धापेची जाणीव कमी होते. आमच्या आज्या आजाऱ्याच्या उशाशी पंखा घेऊन बसत, त्या काही अडाणी नव्हत्या. अर्थात डॉक्टरांना विचारूनच सारे करावे, आणि वेदनेसाठी, धापेसाठी स्वतंत्र उपचार आहेत काय, हे त्यांना धीटपणे विचारावे. पुष्कळदा कोणी विचारीत नाही म्हणून सांगितले जात नाही.

प्रत्येक धर्मग्रामात आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेण्याची प्रथा आहे. त्या वाटेवर जाणाऱ्याने तासभर अधिक बसावे. रात्रंदिवस जागणाऱ्या सुनेला वा लेकीला तेवढा वेळ पाठ टेकू द्यावी. केरळातील गावांनी जे केले, ते आपल्याला अशक्य नाही. येत्या दोन नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्ती लावून परतताना, वाटेवर एखादे घर लागेल. तिथला म्हातारा अजून जिवंत आहे. अकरा तारखेची वाट न पाहता त्याच्या उशाशी जाऊन बसावे, असे आम्हाला वाटते.